कच्चं कुलूप द्या

गेले चार महिने मी भंगारवाल्यांकडे का बसतो, याची गावात चर्चा आहे असं परवा चहाच्या टपरीवर कळलं. एकाने तर तोंडावरच विचारलं, "पेपर बंद पडला की काय?" पेपर चालू आहे. मी कुलपं शोधतोय. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. थोडं मोठं होईल. पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी एक जुना हिशेब आहे आणि तो माझ्याकडे निघतो.

मी किल्लीशिवाय कुलूप उघडायला शिकतोय. छंद म्हणून. हसू नका.

झालं असं की वीस वर्षं गुन्ह्यांच्या बातम्या लिहितोय. "बनावट चावीच्या साहाय्याने कुलूप उघडून" हे वाक्य किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. पोलिसांची प्रेसनोट आली की तेच वाक्य उचलायचं आणि पुढे जायचं. डिप्लोमा करताना आमचे सर सांगायचे, जे स्वतःला कळलं नाही ते वाचकाला सांगू नका. दिवाळीच्या सुट्टीत ते वाक्य परत डोळ्यांसमोर आलं आणि वाटलं, अरे, बनावट चावी म्हणजे नक्की काय? कुलूप आतून असतं कसं? पंचेचाळिशीच्या जवळ आलो, रोज चार कुलपं लावतो-काढतो, आणि एकाच्याही पोटात काय आहे ते माहीत नाही.

मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. जगभर लोक हा छंद करतात, स्पर्धा होतात. आणि या छंदाचे दोनच नियम आहेत. पहिला, कुलूप तुमच्या स्वतःच्या मालकीचं हवं, नाहीतर मालकाची स्पष्ट परवानगी हवी. दुसरा, जे कुलूप रोजच्या वापरात आहे त्याला हात लावायचा नाही, मग ते तुमचं स्वतःचं का असेना. पहिला नियम लगेच पटला. दुसरा कशाला, ते तेव्हा कळलं नव्हतं. पुढे कळलं.

हत्यारं गावातच जमली. गाडीच्या वायपरच्या रबरात एक पातळ स्टीलची पट्टी असते. गॅरेजवाल्याने जुन्या वायपरच्या दोन पट्ट्या फुकट दिल्या. एक वाकवून ताण द्यायला घेतली. लोखंड कापायच्या ब्लेडचा तुकडा घासून त्याचा आकडा केला. झालं काम. अडलं ते कुलपांवर.

पहिल्यांदा हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा.

"कुलूप हवंय."

"दाराला की शटरला?"

"कशालाच नाही. सगळ्यात कच्चं असेल ते द्या."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाला, "भाऊ, वडिलांपासून दुकान आहे. पक्कं द्या म्हणणारी गिऱ्हाइकं रोज येतात. कच्चं मागणारे तुम्ही पहिले."

शेवटी एक छोटं पितळी कुलूप ऐंशी रुपयांना घेतलं. घरी येऊन बसलो तर पहिल्या संध्याकाळीच उघडलं. मला काय आनंद! बायकोला उठवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्यात आकडा कसाही खरवडला तरी ते उघडतं. म्हणजे मी काहीच शिकलो नव्हतो, कुलूपच ढिलं होतं. मग जरा बरं कुलूप आणलं. ते आठ दिवसांनी उघडलं आणि नंतर रोज उघडायला लागलं, कारण हाताला तेच पाठ झालं. पाढे पाठ असलेल्या पोराला गणित येतंच असं नाही, तसं. म्हणून या छंदात एक कुलूप पुरत नाही. वेगवेगळी लागतात आणि सोप्याकडून अवघडाकडे लागतात. दर आठवड्याला दोन-तीनशेचं कुलूप घ्यायचं म्हटलं तर तालुका पत्रकाराचं मानधन तुम्हाला माहीत आहे.

ऑनलाइन पारदर्शक प्लॅस्टिकचं सरावाचं कुलूप मिळतं, आतलं सगळं दिसतं. तेही मागवलं. समजून घ्यायला चांगलं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. किल्ली जिथे घालतो तो आतला गोल भाग फिरला की कुलूप उघडतं. तो फिरू नये म्हणून त्यात वरून पाच-सहा पिना उतरलेल्या असतात. प्रत्येक पिनेचे दोन तुकडे, वर स्प्रिंग. योग्य किल्लीचे दात प्रत्येक पिनेला बरोबर तेवढंच उचलतात की सगळ्या जोडांची एक रेष होते, आणि भाग फिरतो. किल्ली नसेल तर त्या गोल भागाला अगदी हलका ताण द्यायचा. कारखान्यात भोकं शंभर टक्के सरळ रेषेत पडत नाहीत, त्यामुळे सगळ्या पिना एकदम अडत नाहीत, एखादी आधी अडते. ती शोधायची, उचलायची, बारीक 'टिक' होतं. मग पुढची. या पद्धतीच्या कुलपाचं पेटंट अमेरिकेतल्या लायनस येल याने १८६१ साली घेतलं. तुमच्या दाराच्या लॅचमध्ये आजही बहुतेक तेच आहे.

पण प्लॅस्टिकचं कुलूप डोळ्यांना शिकवतं, बोटांना नाही. ते इतकं सैल असतं की 'टिक' लागतच नाही.

मग भंगार. आठवडी बाजाराच्या मागे जी तीन गोदामं आहेत तिथे बसायला लागलो. भंगारवाल्याला कुलूप म्हणजे पितळ आणि लोखंड. तो वजनावर देतो, आतलं चालतंय का याच्याशी त्याला घेणं नाही. पहिल्या खेपेला पाच कुलपं आणली. तीन गंजून दगड झालेली, रॉकेलमध्ये दोन दिवस ठेवली तरी हलेनात. उरलेल्या दोनांना किल्ली नव्हती. आता तुम्ही म्हणाल, किल्ली कशाला, किल्लीशिवायच तर उघडायचंय. तसं नाही. नवशिक्याला किल्ली लागते, कारण कुलूप मुळात चालू आहे की आतून मोडलंय हे किल्लीशिवाय कळत नाही. मी एका कुलपावर सहा रात्री घालवल्या. शेवटी कापून पाहिलं तर आत स्प्रिंगच नव्हत्या.

दुसरी अडचण आपल्याकडची खास. व्हिडिओतली बहुतेक कुलपं पिनांची. आपल्या बाजारातल्या कितीतरी कुलपांवर ठसठशीत लिहिलेलं असतं, '६ लिव्हर', '७ लिव्हर'. त्यांच्या आत पिना नसतात, एकावर एक पत्र्याच्या पट्ट्या असतात आणि किल्ली त्या सगळ्या ठरावीक उंचीला उचलते. ती उघडायची तऱ्हा वेगळी, हत्यार वेगळं. मी दोन आठवडे लिव्हरच्या कुलपात पिना शोधत होतो! ओळखायची खूण सोपी आहे, किल्लीकडे बघा. करवतीसारखे दात एका कडेने लांबपर्यंत असतील तर पिनांचं कुलूप. लांब दांडी आणि टोकाशीच खाचा असलेलं पान असेल तर लिव्हरचं.

तर अशा परिस्थितीत एका रविवारी घरची मंडळी लग्नाला गेलेली. सरावाची कुलपं संपली. आणि माझी नजर आमच्याच दाराच्या लॅचवर गेली. मालकी माझी, किल्ली खिशात. काय होणार? बाहेर उभा राहिलो, दार ओढून घेतलं आणि सुरू केलं. चाळीस मिनिटांत फिरलं की! आनंदाच्या भरात आणखी फिरवलं, अर्धा फेरा. आणि खट्ट. अडकलं. किल्ली घालून पाहिली तर किल्ली आत जाईना. तेवढ्यात रिक्षा दारात. बायको, दोन मुलं, सासूबाई, हातात आहेराच्या पिशव्या.

वापरातल्या कुलपाचा नियम कशासाठी आहे, ते मला त्या जिन्यात कळलं.

बायकोने एस.टी. स्टँडसमोरच्या किल्लीवाल्याला फोन लावला. साठीपुढचे गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणतात. सायकलवरून आले. वाकून फटीत टॉर्च मारली आणि मला विचारलं, "कुणी फिरवलं हे, किल्ली न घालता?" मी गप्प. सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. अर्धा फेरा झाला की किल्लीच्या फटीची खालची बाजू वर येते आणि वरच्या पिना त्यात घसरतात. चाचांनी एक पातळ पट्टी आत सारली, पिना वर दाबल्या, गोल भाग हळूच परत फिरवला. तीन मिनिटं. दोनशे रुपये घेतले आणि गेले. जाताना एवढंच म्हणाले, "शिकायचं तर सुट्या कुलपावर शिका, साहेब."

सुटी कुलपं गावात सगळ्यात जास्त कुणाकडे असणार, हा प्रश्न मला चार महिन्यांत पडला नव्हता. पडला नव्हता असं म्हणणं खरं नाही. त्या टपरीकडे मी बारा-तेरा वर्षं मुद्दाम जात नव्हतो.

आता तो हिशेब.

२०११ साली आमच्या गावात एका बंद घरात चोरी झाली. दागिने गेले, कुलूप शाबूत. पोलिसांनी चाचांना आणि त्यांच्या मुलाला चौकशीला बोलावलं. मी बातमी केली. नाव लिहिलं नव्हतं, पण "बसस्थानक परिसरातील किल्ली बनविणाऱ्या इसमावर संशयाची सुई" असं लिहिलं. बसस्थानक परिसरात किल्ली बनवणारे इसम तेव्हा एकच होते, आजही एकच आहेत. तीन आठवड्यांनी कळलं की दागिने नात्यातल्याच माणसाने नेले होते, घरातलीच किल्ली वापरून. घरच्यांनी आपसात मिटवलं. घरगुती मामला म्हणून मी पुढची बातमी केली नाही. कुणीच केली नाही.

मागच्या महिन्यात टपरीवर गेलो आणि म्हणालो, "चाचा, सरावाला जुनी कुलपं मिळतील का?"

ते कानस चालवत होते. थांबले नाहीत. म्हणाले, "मिळतील. तुम्ही पेपरवाले ना?"

"हो."

"ती बातमी तुमचीच ना?"

"हो."

मग कानस ठेवली. आवाज चढवला नाही. म्हणाले, "पहिली बातमी सगळ्या गावाने वाचली साहेब. दुसरी कधी आली? मला दिसली नाही."

मी म्हणालो, आलीच नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात लिहितो. नंतरचं वर्षभर घरी बोलावून कपाट उघडून घेणारी गिऱ्हाइकं बंद झाली. लोक किल्ली बनवायला यायचे, पण कुलूप सोबत आणायचे नाहीत, घर कुठलं ते सांगायचे नाहीत. गावात कुठेही चोरी झाली की मुलाला बोलावणं यायचं. ठाण्यात दिवसभर बसवायचे, संध्याकाळी सोडायचे. बापाच्या हाताखाली सहा वर्षं शिकलेला तो मुलगा कंटाळून पुण्याला गेला. आता पार्सल पोचवायचं काम करतो. गावात हे काम येणारा आता एकच माणूस आहे, आणि त्याला मोतीबिंदू होतोय.

मी माफी मागितली. ते "ठीक आहे" म्हणाले. ठीक आहे म्हणजे माफ केलं असं मी समजत नाही.

मग त्यांनी फळीखालून एक जाड वही काढली. तारीख, नाव, मोबाईल, ओळखपत्राचा नंबर, काय उघडलं, कशासाठी, सही. २०११ पासून एकही काम त्या वहीत नोंदल्याशिवाय केलेलं नाही. तशी वही ठेवा असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आमच्या लॅचचीही नोंद होती, बायकोची सही होती. वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "लिहा. आधार दाखवा." मी दाखवलं. 'कशासाठी' या रकान्यात 'सराव' लिहिलं. त्यांनी वाचलं आणि पहिल्यांदा थोडं हसले.

अकरा कुलपं दिली, वीस रुपयाला एक. लोक दुरुस्तीला टाकतात आणि न्यायला येत नाहीत, ती वर्षभर थांबून बाजूला काढलेली. काहींवर अलीगढचा शिक्का आहे, आपल्याकडच्या कुलपांचं एक मोठं माहेर तेच. शिवाय पाडलेल्या वाड्यातल्या लॅचचे दोन गोल सुटे भाग दिले आणि खरी युक्ती सांगितली. पाचही पिना ठेवायच्याच नाहीत. आधी चार काढून एकच ठेवायची. ती जमली की दोन, मग तीन. एका कुलपाची पाच कुलपं होतात. मी महिनोन् महिने कच्चं कुलूप शोधत फिरत होतो, आणि कुठलंही कुलूप आपल्याला हवं तेवढं कच्चं करता येतं हे त्यांनी दोन मिनिटांत दाखवलं. आता चार पिनांपर्यंत पोचलोय.

काही जण म्हणतील, हे असलं जाहीर लिहून चोरांना शिकवताय का? हा वाद जुना आहे. १८५१ साली लंडनमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तेव्हा आल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने ब्रामा कंपनीचं न उघडणारं म्हणून गाजलेलं कुलूप उघडून दाखवलं. उघडणाऱ्याला दोनशे गिनी बक्षीस लावून ते कुलूप साठएक वर्षं दुकानाच्या खिडकीत मांडलेलं होतं. हॉब्सला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. तेव्हाही ओरड झालीच की आता चोरांचं फावणार. पण एक्कावन्न तास बसणारा चोर कुणी पाहिलाय? माझ्या जुन्या कात्रणांच्या वह्या मी यासाठी मुद्दाम चाळल्या. कडीकोयंडा तोडून, शटर उचकटून, खिडकीचे गज वाकवून. पानोपान हेच. कुलूप शाबूत राहून चोरी झाली अशा बातम्या मोजक्या, आणि ज्यांचा शेवट कळला त्यात किल्ली घरातलीच होती. चोर कटावणी घेऊन येतो. संशय मात्र आकडा वापरणाऱ्यावर जातो.

आणखी एक. महाराष्ट्र पोलीस कायद्यात कलम १२२ आहे. रात्री घरफोडीचं साहित्य जवळ बाळगलेलं सापडलं आणि समाधानकारक कारण देता आलं नाही तर कारवाई होते. कायदा असावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या पिशवीत आज वायपरची पट्टी, आकडा आणि चार कुलपं असतात. उद्या रात्री नाक्यावर मला अडवलं तर मी प्रेसचं कार्ड दाखवीन, साहेब हसतील, चहा सांगतील. तीच पिशवी चाचांच्या मुलाच्या हातात असती तर? समाधानकारक कारण त्याच्याकडे माझ्यापेक्षा मोठं होतं, त्याचं पोट त्यावर होतं. ते कुणी ऐकून घेतलं नाही. ऐकून न घेणाऱ्यांत मी पहिला होतो, आणि माझ्याकडे छापायचा कागद होता.

म्हणून दुसरी बातमी आज देतो, उशिरा का होईना. २०११ च्या त्या चोरीशी बसस्थानकासमोरच्या किल्लीवाल्यांचा किंवा त्यांच्या मुलाचा काहीही संबंध नव्हता. बातमी माझी होती, चूक माझी होती. हे आमच्या पेपरातही छापून यावं म्हणून लेखी दिलंय. येईल तेव्हा कात्रण इथे टाकीन. ही पोस्ट टाकण्याआधी चाचांना वाचून दाखवली. नाव नको म्हणाले, म्हणून घातलेलं नाही. बाकी एका शब्दाला हरकत घेतली नाही, एक दुरुस्ती मात्र सांगितली. मी मुलगा पाच वर्षं शिकला असं लिहिलं होतं. सहा वर्षं, म्हणाले.

आता कामाचं. कुणाला हा छंद करायचा असेल तर स्वतःचं सुटं कुलूप घ्या, किल्लीसकट घ्या, पिनांचं आहे का बघून घ्या, आणि घराच्या दाराला हात लावू नका. आमच्या सासूबाई अजून विचारतात.

आणि घरात किल्ली हरवलेली, बिनकामाची जुनी कुलपं पडली असतील तर भंगारात वजनावर घालू नका. स्टँडसमोर चाचांकडे नेऊन द्या. कपाट अडलं असेल तर त्यांना घरी बोलवा. जाताना आधार कार्ड न्या, वहीत नोंद करावी लागेल.